भिंतीपलीकडचं वायफाय

शेजारच्या नेहाताई आज सकाळी त्यांच्या गॅलरीत आमच्या भिंतीला फोन टेकवून उभ्या होत्या. त्यांच्या मुलीचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले, तेव्हा आमच्या वायफायचा पासवर्ड मीच त्यांना आपणहून दिला होता. काल सोसायटीच्या सभेत त्याच उठून म्हणाल्या, "यांचे सासरे रात्रभर कण्हतात. त्यांना कुठेतरी ठेवा ना!"

सभेनंतर घरी येऊन मी पासवर्ड बदलला. काम सोपं होतं. पण आपल्या घरातलं काय काय भिंतीपलीकडे पोचतं आणि तिथे त्याचं काय होतं, ते कुठल्या पासवर्डनं अडवायचं?

"वहिनी, नेट गेलंय का हो?" नेहाताईंनी गॅलरीतून मला विचारलं.

"नाही, आमचं चालू आहे."

त्यांनी फोन हळूच खाली घेतला. त्या आत गेल्या.