एका हाताचा खेळ

निर्णा गावच्या मंगलला आठवड्यातून तीन दिवस बीदरच्या दवाखान्यात चार तास पडून राहावं लागतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सव्वासहाची बस, आठला वजन, सव्वाआठला डाव्या हातात दोन सुया. रक्त मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं आणि तोवर तो हात हलवायचा नाही. वय छत्तीस. गावात ती ब्लाउज शिवते. दोन वर्षांत तिनं दवाखान्याची एकही पाळी चुकवलेली नाही.

तिचा भाऊ बालाजी मोबाईल दुरुस्त करतो. त्यानं तिला हातात मावणारी गेमची डबी आणून दिली. तीत गाणी भरली आणि पूर्वी टीव्हीला जोडून खेळायचे ते जुने खेळही. इम्युलेटर नावाची सोय असते, तिच्यावर ते चालतात. मंगलचा उजवा हातच मोकळा, म्हणून त्यानं पुढं जायचं, मागं यायचं, उडी मारायची, सगळी बटणं उजव्या बाजूला आणली.

पहिले सहा महिने मंगल दोन्ही कानांत ऐकायच्या वायरची बोंडी घालून, पाठ फिरवून खेळे. तेव्हा शेजारच्या खाटेवर व्यंकट नावाचे मास्तर असत. एका बुधवारी ते झोपले आणि झोपेतच त्यांचं प्रेशर उतरलं. मशीन वाजतं ते रक्ताच्या नळ्यांत काही बिघडलं तरच. माणसाचं प्रेशर तासातासानं पट्टा बांधून बघावं लागतं. मंगल दीड हात अंतरावर होती. तिला कळलं ते सिस्टर धावत आल्यावर. मास्तरांना कलबुर्गीला हलवलं, ते परत आले नाहीत. तिला कुणी बोल लावला नाही. तिनं मात्र त्या दिवसापासून एक कान मोकळा ठेवला.

त्या खाटेवर आता कमठाण्याच्या पद्माबाई येतात. बासष्टीच्या, धनगराच्या घरच्या, जिभेला धार. त्यांची सुई उजव्या हाताला, म्हणजे मोकळा डावा हात मंगलकडे. बालाजीनं डबीच्या डाव्या बाजूलाही बटणं लावून दिली आणि कानाची वायर लांब जोडली. एक बोंडी मंगलच्या कानात, एक पद्माबाईंच्या. पडद्यावरचा माणूस मेला की डबी दुसरीकडे द्यायची, असा करार.

हे नुसतं करमणुकीसाठी नव्हतं. पद्माबाईंचा डोळा लागला की प्रेशर उतरे. दोनदा झालं होतं. सुधारानी सिस्टर मंगलला म्हणाल्या होत्या, "अक्का, मी एकटी, खाटा सहा. ह्यांना बोलतं ठेवा." मंगलनं मान हलवली होती.

त्या शुक्रवारी वजनकाट्यापाशीच बिनसलं. आदल्या दिवशी येळवस, म्हणजे वेळा अमावस्या होती. सगळी घरं शेतात जेवायला गेलेली, मडकी भरून आंबील झालेली. पद्माबाईंचं वजन साडेतीन किलोनं वाढलं होतं.

"पाणी किती प्यालात?" सिस्टरनी विचारलं.

"पाणी? थेंब न्हाई. ईचार माझ्या सुनंला."

"मग हे काय आहे?"

"घोंगडीचं वजन हाय."

"घोंगडी मी काढून ठेवलीय अक्का, ती बघा खुर्चीवर."

सिस्टर गेल्यावर पद्माबाई मंगलकडे झुकल्या. "आंबील पाण्यात धरायलेत का गं? ती तर ज्वारी हाय की."

"मावशे! किती प्यालीस?"

"कोण मोजतंय येळवशीला? नातू द्यायलाय, मी प्यायले."

मंगलनं हिशेब केला. अंगात साठलेलं साडेतीन किलो पाणी मशीननं चार तासांत ओढायचं म्हणजे आज प्रेशर घसरणार. सिस्टरही म्हणाल्या, सगळं नाही ओढत, तीनच ओढते, पण झोपू देऊ नका.

पहिल्या तासाला प्रेशर एकशे चाळीस. दुसऱ्याला एकशे अठरा. पद्माबाई जांभया देऊ लागल्या.

"मंगल, माझ्या बिरोबाच्या ओव्या लाव की." सुनेनं मोबाईलवर घेतलेल्या ओव्या बालाजीनं डबीत घातल्या होत्या.

"न्हाई. ओव्या लावल्या की तू घोरायलीस. धर, खेळ."

"लई द्वाड हाईस. नवरा कसा नांदवतोय तुला?"

"उडी मार, खड्डा आलाय."

"दिसायलाय मला!" पद्माबाईंनी उडी मारली. "बघ, गेला की न्हाई? आमच्या बकऱ्याहून शहाणा हाय ह्यो."

पडदा पद्माबाईंच्या हातात असला की मंगलला दिसत नसे, कानात मात्र सारं येई. मागं खेळाचं संगीत, त्यावर उडीचा आवाज. ती छताकडे बघत ऐके. उडी. उडी. पैसा मिळाल्याची टिंग. उडी.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी पलीकडच्या टोकाला कुणाचं तरी मशीन ठणाणा वाजू लागलं आणि सिस्टर तिकडे गेल्या. मंगलनंही मान तिकडे वळवली. कानात संगीत चालूच होतं. थोडा वेळ गेला, आणि तिच्या ध्यानात आलं की नुसतं संगीतच चाललंय. उडी नाही. माणूस मेल्याचा आवाजही नाही. पडद्यावरचा माणूस उभा आहे आणि त्याला कुणी हलवत नाही.

"मावशे?"

पद्माबाईंचे डोळे अर्धे मिटलेले, कपाळ घामानं डबडबलेलं. डबी पोटावर घसरली होती.

"सिस्टर! सिस्टर!" पलीकडच्या मशीनच्या आवाजात ती हाक बुडाली. मंगल उठायला गेली आणि सुयांनी तिला जागच्या जागी धरलं. हात हिसडला तर तिचंच रक्त सांडणार. तिनं उजव्या हातानं स्टुलावर चाचपलं, जेवणाचा स्टीलचा डबा सापडला, तो उचलून जीव खाऊन फरशीवर आपटला. झाकण फिरत फिरत खाटेखाली गेलं, भाकरी पसरली.

सुधारानी वळल्या आणि धावल्या. पट्टा बांधला. वरचा आकडा सत्तर. त्यांनी पाणी ओढणं थांबवलं, खाटेचं पायाचं टोक उचललं, सलाईन सोडलं, गालावर थापट्या मारू लागल्या. "अक्का! एळ्री, उठा अक्का!"

मंगल आकड्याकडे बघत होती. अठ्ठ्याहत्तर. तिला मास्तरांचा खाटेवरून लोंबणारा हात आठवला. पुन्हा पट्टा फुगला. शहाऐंशी. मग बराच वेळ काहीच नाही. मग शंभराला दोन कमी.

पद्माबाईंनी डोळे उघडले. "कामून मारायलीस गं मला?"

मंगलला हसू येईना, रडूही येईना. इतका वेळ ताठ धरलेला डावा हात तिनं हळूच गादीवर सैल सोडला.

सुधारानींनी मशीन लवकर बंद केलं. "आज एवढंच. राहिलेलं पाणी उद्या ओढू. शनिवारी आठला या, दोन तास. पण अक्का, सोबत कुणीतरी पाहिजे. जागं ठेवणारं."

"कोण येतंय? सगळी तुरी काढायला जायलेत. मी येते एकटी, मला काय धाड भरलीय?"

"एकट्या नको."

"मी येते," मंगल म्हणाली.

सिस्टरनी वहीतून वर पाहिलं. "तुमची पाळी सोमवारी आहे."

"ठाव हाय मला."

 पद्माबाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

शनिवारी मंगल सव्वासहाच्या बसनं आली. तिला खाट नव्हती, म्हणून ती पद्माबाईंच्या उशाशी स्टुलावर बसली आणि दोन तासांत एकदाही तिनं खिडकीबाहेर पाहिलं नाही.