आईकडून आलेलं

दिवस गेल्यानंतरच्या रक्ततपासणीचा फोन आला, तेव्हा मी इथे आखातात, अल मुंतझा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत होते. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं. नवरा स्टेडियमच्या साइटवर इंजिनियर. वर्ल्ड कप जसजसा जवळ येत होता, तसतसा तो घरी नुसता झोपायला यायचा. मी एकटीच टॅक्सी करून गेले.

डॉक्टर म्हणजे एक वयस्कर, शांत सुदानी बाई. म्हणाल्या, "तुम्हाला हिपॅटायटिस बी आहे. आजचा नाही, बहुतेक जन्मापासूनचा. आई कशा आहेत तुमच्या?"

"नाहीये. मी शाळेत असताना गेली."

"कशानं?"

आईच्या पोटात पाणी झालं होतं, डोळे पिवळे पडले होते. मिरजेत आमच्या गल्लीतल्या बायका हळू आवाजात काहीबाही बोलायच्या. घरात तिचं ताट वेगळं केलं होतं. ते आठवलं आणि इंग्रजीत कसं सांगावं ते कळेना.

डॉक्टरांनी नीट समजावलं. ताटातून, पेल्यातून, जवळ घेण्यातून हा आजार जात नाही. रक्तातून जातो, नवराबायकोच्या संबंधातून जातो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. माझ्या रक्तात विषाणू बरेच होते, म्हणून शेवटच्या महिन्यांत रोज एक गोळी, आणि बाळ जन्मल्याबरोबर त्याला दोन इंजेक्शनं. "मग बाळ सहसा सुटतं. इन्शाल्ला," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचीही तपासणी झाली. त्यानं पूर्वी लस घेतली होती, त्याला काही नव्हतं. "मग गोळी घ्यायची, एवढंच ना?" तो म्हणाला आणि बूट काढता काढता सोफ्यावरच झोपला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्यानं अजून काहीतरी विचारावं असं मला वाटत होतं.

दादाला सांगणं भाग होतं. एकाच आईची लेकरं आम्ही. फोनवर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आईच्या नावानं असलं काही बोलू नकोस."

"तिचा दोष नाही, दादा. तिलाही कुणाकडून तरी आलं असेल. तू फक्त टेस्ट कर."

त्यानं फोन ठेवला. नंतर बरेच महिने आमचं बोलणं सणावारापुरतंच राहिलं.

खालच्या मजल्यावरच्या नाशिकच्या वहिनींनी हौसेनं माझं डोहाळजेवण केलं. पुरणपोळीचा अर्धा घास मला भरवला आणि उरलेला स्वतः खाल्ला. काही होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी आईचं वेगळं ताट आठवलं आणि मी पदर डोळ्यांना लावला. "काय गं, रडतेस?" वहिनी म्हणाल्या. "आईची आठवण आली," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण इतक्या बायकांत बसून खरं एकीलाही सांगता आलं नाही.

मुलगी झाली. नर्सनं तिला माझ्याजवळ देण्याआधीच तिच्या दोन्ही मांड्यांत इंजेक्शनं दिली. तिला पाजायलाही हरकत नव्हती.

पुढच्या लसी वेळच्या वेळी झाल्या. ती भिंतीला धरून उभी राहू लागली, रस्त्यांवर देशोदेशीचे झेंडे लागले, तेव्हा तिचं रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे फिरवला. "खलास," त्या अरबीत म्हणाल्या, म्हणजे संपली काळजी. "हिला काही नाही. उलट लस छान लागू पडली आहे." नवऱ्याला फोन लावला, तो कुठल्याशा मीटिंगमध्ये होता. मी मुलीला मांडीवर घेऊन तिथल्याच बाकावर बराच वेळ बसले.

माझी गोळी डॉक्टरांनी बंद केली नाही. यकृताला थोडी सूज होती. आता ती रोजची झाली आहे, आणि दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. मुलीचं विचारलं, मी सांगितलं. मग तो म्हणाला, "माझंही पॉझिटिव्ह आलंय. घरी अजून बोललो नाही."

"वहिनीला सांग. तिची आणि मुलांची टेस्ट करायला हवी."

"सांगतो," तो म्हणाला. "आधी तू मला नीट सांग, गोळीनं तुला त्रास होतो का?"