फॅक्सवरचा चेहरा

हरीश मोहिते नेमकं काय काम करतो, हे त्याच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. खंडेराव मोहित्यांचा सगळा जन्म दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत गेला होता. फाइल म्हणजे जिला फीत बांधता येते आणि जी हातात धरून साहेबापुढे ठेवता येते ती, ही त्यांची समजूत. मुलाची फाइल दिसत नाही, तिला पुठ्ठा नाही, आणि तरी ती 'जड' झाली म्हणून हा घरी आल्यावर कपाळाला आठ्या घालून बसतो, याची त्यांना मोठी गंमत वाटे. हरीश दारात आला की ते विचारत, "आज किती शेर भरली?"

खरं तर काम सांगण्यासारखं होतं, पण हरीशने ते कधी धड सांगितलं नाही. नव्वदीची वर्षं संपत आली होती. देश खुला झाला म्हणून जो तो कॉम्प्युटर घेत सुटला होता, पण कागदपत्रं अजून फॅक्सनेच जात. कॉम्प्युटरवरचा रिपोर्ट रंगीत, नटवा. फॅक्सला कळतं फक्त काळं आणि पांढरं. ठिपका आहे किंवा नाही, मधलं काही नाही. तो रिपोर्ट फॅक्स सर्व्हरला पचेल अशा फाइलमध्ये बदलून द्यायचा, हे हरीशचं काम. नोएडातल्या एका तळघरात खुराना नावाच्या माणसाची छोटी कंपनी होती आणि हरीश तिचा कणा होता. निदान खुराना पगार लांबवायचा असला की तसं म्हणायचा.

कंपनीकडे 'संधान' नावाच्या संस्थेचं काम आलं, तेव्हा हरीशला प्रथमच वाटलं की आपण काही चांगलं करतोय. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद इथून हरवलेल्या माणसांची माहिती संस्था गोळा करी. एका माणसाला एक पान. वर फोटो, खाली नाव, वय, उंची, कपडे. रोज पहाटे फॅक्स सर्व्हर ही पानं दोनशे ठिकाणी पाठवी, पोलीस ठाणी आणि रुग्णालयं धरून.

अडचण फोटोची होती. फोटोतला करडा रंग फॅक्सला कळत नाही. मग एक तर ठिपके विरळ-दाट पसरून चेहरा दाखवायचा, नाही तर सरळ रेघ मारायची. रेघेहून उजळ ते सगळं पांढरं, गडद ते सगळं काळं. हरीशने आधी ठिपके पसरले. चेहरे सुरेख आले, पण पानं जड झाली, एकेक पान लाइनवर रेंगाळू लागलं, मध्येच फोन तुटे आणि सकाळ उजाडली तरी निम्मी ठिकाणं राहून जात. संस्थेच्या सहायबाई रोज तक्रार करू लागल्या. खुराना म्हणाला, रेघ मार, यार, माणसाचं वर्णन खाली लिहिलंय ना? हरीशने रेघ मारली. पानं हलकी झाली आणि भराभर पोचू लागली.

चेहऱ्यांचं मात्र वाटोळं झालं. सावळा माणूस म्हणजे नुसता शाईचा डाग. गोरा असला तर दोन डोळे आणि बाकी कोरा कागद. हे हरीशला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. सुरुवातीला कुठकुठल्या रुग्णालयांतून फोन आले की फोटो काळा येतोय. हरीश म्हणे, बघतो. त्याला खरोखर बघायचं होतं, पण खुरानाने त्याला दुसऱ्या कामाला जुंपलं. मग फोन आपोआप बंद झाले. सुंठीवाचून खोकला गेला, असं हरीशने घरी बायकोला, वृंदाला, हसून सांगितलंही. फोन का बंद झाले, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. हुशार माणसं सोपे प्रश्न हमखास विसरतात.

त्याच सुमारास हरीशने करोल बागेतली भाड्याची जागा सोडून नोएडात फ्लॅट घेतला. नवी इमारत, लिफ्ट, खाली गाडीला जागा. खंडेराव आले, पण त्यांना तिथे काही उमजेना. करोल बागेत पानवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'रावसाहब' म्हणत. वाट चुकली तर कुणीही हात धरून घरी आणून सोडलं असतं. इथे सेक्टरांना नुसते आकडे, आणि इमारती अशा सारख्या की तरण्या माणसानेही दोनदा चुकावं.

त्यातून त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग जेवल्याचं, मग हिंदी. साऱ्या नोकरीभर जी भाषा फर्डी बोलले ती वर्षभरात गळून पडली आणि लहानपणीची मराठी तेवढी उरली. कामवालीने काही विचारलं की ते घाबरून तिच्याकडे बघत. कुणीही काहीही विचारलं की एकच उत्तर: "हरीशला विचारा." जेवलात का, हरीशला विचारा. झोप लागली का, हरीशला विचारा. वृंदाला याचं हसू येई आणि नंतर रडू येई.

दर संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाची बस पानिपताला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला जायची. खंडेरावांनी ती वारी कधी चुकवली नव्हती. त्या वर्षी हरीशने त्यांना पाठवलं नाही. या थंडीत सांभाळणार कोण? त्याचं बरोबरच होतं. पण संक्रांत होऊन गेली हे खंडेरावांना पटेना. रोज सकाळी ते राखाडी कोट चढवून, गळ्याला मरून मफलर गुंडाळून तयार व्हायचे आणि म्हणायचे, बस सुटेल. वृंदा समजूत घालून कोट काढायची. एका धुक्याच्या सकाळी दूधवाल्यासाठी दार उघडं राहिलं. वृंदा पातेलं ठेवून परत येईतो खुर्ची रिकामी होती.

दुपारपर्यंत त्यांनी आजूबाजूचे सेक्टर पालथे घातले. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मग हरीशने ठाण्यात तक्रार लिहवली आणि खंडेरावांचा मफलर घातलेला फोटो दिला. हवालदार भला होता. तो धीर देत म्हणाला, काळजी करू नका, आता कॉम्प्युटरवरून सगळीकडे फोटो जातो. खंडेराव सावळे होते.

घरी आल्यावर वृंदाने पर्स उचलली. फोटोच्या प्रती काढू, टॅक्सी करू, एकेक रुग्णालय बघू, असं तिचं म्हणणं. हरीश म्हणाला, "दिवसाला किती होतील आपल्याच्याने? पाच? मशीन एका पहाटेत दोनशे ठिकाणी जातं. मला आधी ते नीट करू दे."

"मशीन जाऊ दे तिकडे. आपण जाऊ या," वृंदा म्हणाली.

पण हरीश तळघरात गेला. त्याला दोष देणं सोपं आहे. ज्याला जे येतं ते तो संकटात करतो. सुतार असता तर त्याने करवत उचलली असती. शिवाय त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. दोन दिवस तो खुर्चीवरून हलला नाही. फक्त चेहऱ्यापुरते ठिपके पसरायचे, बाकी पान हलकं ठेवायचं, अशी युक्ती त्याने शोधून काढली. मागेच तासभर बसला असता तर तेव्हाही सुचली असती, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला भडभडून आलं. चाचणीला त्याने वडिलांचाच फोटो घेतला. मशीनमधून पान बाहेर आलं तेव्हा त्यावर खंडेराव होते. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, कपाळावरचा जुना व्रणसुद्धा. पुढच्या पहाटे पान दोनशे ठिकाणी गेलं. प्रत्येक ठिकाणाहून पोचपावती आली.

मग तो फोनपाशी बसला. वृंदाने त्या दोन दिवसांत एकटीने नोएडातली रुग्णालयं पाहून घेतली होती. आता ती पण बसली. फोन येईल, असं हरीश ठामपणे सांगत होता. तो दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी वृंदाने त्याच्या अंगावर स्वेटर फेकला, त्याला टॅक्सीत घातलं आणि गाझियाबादची वाट धरली.

दुसऱ्याच रुग्णालयात, चौकशीच्या खिडकीपाशी, हरीशला ते दिसलं. भिंतीवरच्या तारेला फॅक्सचे कागद टोचून ठेवले होते. वरचे ताजे, काळे-पांढरे. त्यांच्या खाली एका पानाची कड बाहेर आली होती आणि त्या कडेवर मरून मफलर होता. फॅक्सवर मरून कुठला, तो काळाच होता, पण हरीशने ओळखला. त्याने पान ओढून काढलं. चेहरा लख्ख आला होता. क्षणभर, एकच क्षण, त्याला आनंद झाला. पानाच्या पाठीवर कुणीतरी चहाचा हिशेब मांडला होता.

खिडकीतल्या कारकुनाने पान उलटसुलट केलं. मग तो उठला, वॉर्डात जाऊन आला आणि आल्यावर खुर्चीवर बसला नाही. हायवेवर कुणा गाडीने उडवलेला म्हातारा एका टेंपोवाल्याने आणून टाकला होता. कमरेचं हाड मोडलं होतं. चार दिवस शुद्धीत होता, काहीतरी बोलत राहायचा, पण कुणाला कळायचं नाही. काल सकाळी गेला.

"हा कागद तुमच्याकडे परवापासून आहे," हरीश हिंदीत म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही.

कारकून खाली बघत म्हणाला, "इनमें तो काला ही आता है, साहब. साल भर से यही आ रहा है. अब कोई देखता नहीं."

हरीशला भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. वृंदा भांडली, रडली, पुन्हा भांडली. ज्या दोनशे ठिकाणी त्याने परवा चेहरा पाठवला होता, तिथे बघू नका हे त्यानेच वर्षभर रोज पहाटे शिकवलं होतं.

शवागारातून त्यांना परत खिडकीवर पाठवलं. ताब्यात घेण्याचे कागद तिथेच व्हायचे होते. कारकुनाने रजिस्टर उघडलं आणि नाव विचारलं.

"हरीश मोहिते."

कारकून नरमाईने म्हणाला, "नहीं, मरनेवाले का नाम तो हमारे पास है. भरती करते वक़्त सिस्टर ने पूछा था, उन्होंने ख़ुद बताया था. सब पूछते थे तो वही एक नाम बताते थे." त्याने रजिस्टर वळवून दाखवलं. हरीश, वय अंदाजे पंचाहत्तर, भाषा माहीत नाही. "आप अपना नाम बताइए."

हरीशने पुन्हा तेच नाव सांगितलं.