पोराला मोटरीपर्यंत सोडायला

आता मला सांगा, ज्या माणसाच्या तोंडून दिवसाला जेमतेम दहा वाक्यं निघतात, त्यानं थाप मारावी का? मी मारली. एकच मारली, तीही चांगल्या कामासाठी. तर तिच्यापायी आमच्या मळ्यात वनखात्याचा पिंजरा आला.

झालं असं, की आमच्या नानांचं, म्हणजे वडिलांचं, बायपासचं ऑपरेशन झालं. मी आळेफाट्याला गॅरेजवर असतो. शेठना सांगून दोन महिने घरी थांबलो, इकडं निरगुडसरच्या बाजूला. डॉक्टरांनी सोडताना बजावलं होतं, रोज चालायचं. आधी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवायचं.

नाना खाटेवरून दारापर्यंत जायचे आणि दारातून खाटेपर्यंत यायचे. झालं चालणं.

टाके दुखायचे म्हणून नव्हे हो. अडचण वेगळीच होती. आमच्याकडं रस्त्याला लागलं की भेटेल तो विचारतो, "कुठं निघाला?" त्याला उत्तर द्यावं लागतं. दळणाला, दुधाला, खत बघायला. नुसतं "चालायला चाललोय" म्हणालात, तर लोक तुम्हाला सावलीत बसवून पाणी पाजतील. एकदा नाना निघालेही. पन्नास पावलांत तिघांनी विचारलं. तिसरा मोटरसायकलवर होता. नानांना उत्तर सुचेना, म्हणून ते त्याच्याच मागं बसून घरी आले.

"मला रिकामं हिंडायला लावू नगा," म्हणाले. "जनम गेला, बिनकामाचं पाऊल टाकलं न्हाई."

पुढच्या तपासणीला डॉक्टर माझ्यावरच रागावले. हे असेच खाटेवर बसून राहिले तर ऑपरेशनचा काय उपयोग, म्हणाले. येताना एसटीत नानांना झोप लागली. मी आख्ख्या रस्त्यात बाहेर बघितलं नाही. त्यांची छाती वरखाली होतीय का, एवढंच बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाच वाजता, मी तोंड उघडलं. "नाना, वढ्यावरची मोटर बंद करायला एकट्याला जायचं भ्या वाटतंय. उसाच्या कडंला बिबट्याचा ठसा दिसला."

नानांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपी घातली. एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातानं खोकल्याच्या वेळी छातीशी धरायची ती उशी काखेत मारली आणि म्हणाले, "चल."

पहिल्या दिवशी चिंचेपर्यंत गेलो. चौथ्या दिवशी बांधापर्यंत. वाटेत कुणी विचारलं, की नाना छाती काढून सांगायचे, "पोराला मोटरीपर्यंत सोडायला." आठव्या दिवशी खरंच मोटरीपर्यंत पोचले आणि पाईपवर बसून पाण्याकडं बघत राहिले. मला वाटलं, जिंकलो!

पण आमच्या भागात बिबट्या हा चेष्टेचा विषय नाही. माणसं जीव मुठीत धरून उसाला पाणी देतात. मला हे कळायला नको होतं का? आईनं ठशाचं शेजारच्या शांताकाकूला सांगितलं. काकूनं कांद्याच्या बायांना सांगितलं. बायांपर्यंत पोचेस्तोवर ती मादी झाली होती आणि तिला दोन पिल्लं झाली होती. बाया कामाला येईनात. दूध घालायला पोरं जाईनात. आणि आईनं आम्हा दोघांना ओढ्याची वाट बंद केली.

म्हणजे बघा, एका माणसाला चालवायला गेलो आणि सगळ्या मळ्याचं चालणं थांबवलं. नाना चार दिवस परत खाटेवर.

पाचव्या दिवशी ट्रॅक्टरवर पिंजरा आला. मागं वीस-पंचवीस माणसं. वनरक्षक साहेबांनी मला पुढं बोलावलं आणि ठसा कुठं दिसला ते दाखवायला सांगितलं. मी चिखलातला एक ठसा दाखवला. साहेब खाली बसले.

"नखं उमटल्यात की रं. बिबट्या चालताना नखं आत घेतो. हे कुत्रं हाय."

मग मी सांगून टाकलं. ठसा नव्हताच. नाना चालावेत म्हणून बोललो. एवढं बोलताना माझे कान असे तापले, की वर चहा झाला असता.

कुणी हसलं नाही. साहेबांनी मला बाजूला घेऊन चांगलं झापलं. खरंच बिबट्या आला आणि लोकांना ती थापच वाटली तर, असं विचारलं. शांताकाकू फक्त म्हणाली, "माझ्या कांद्याचं चार दिवस गेलं. आता तू ये काढाया." गेलो. दोन दिवस काढले.

पिंजरा गेला त्याच संध्याकाळी, पाच वाजता, नानांनी टोपी घातली.

"नाना, बिबट्या न्हवता," मी म्हणालो.

"ठावं हाय. दुसऱ्याच दिशी कळलं. ठसा म्हनतोस आन् वाटंनं खाली बघत न्हाईस."

"मग आलात कशाला?"

"तुला भ्या वाटत व्हतं ते खरं व्हतं," नाना म्हणाले. "दुपारी माझा डोळा लागला की नाकापुढं बोट धरून बसतोस. मी जागाच असतो. म्हटलं, आपुन चालताना दिसलो म्हंजी पोराचा जीव थाऱ्यावर येईल. चल आता."

आम्ही निघालो. डोळ्यांपुढची वाट जरा हलत होती.

तेवढ्यात उजव्या हाताला ऊस जोरात खसफसला.

पुढचं मला नीट आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी घराच्या ओट्यावर होतो आणि पायात एकच चप्पल होती. नाना? नाना तिकडंच होते! परत पळणार, एवढ्यात वाटेवर ते दिसले. डॉक्टरांनी सांगितलेल्या चालीनं, सावकाश येत होते. शेजारी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली शांताकाकू. उसातून तीच बाहेर आली होती.

काकू हसून हसून मला सांगायला लागली, की तिनं सवयीनं विचारलं, नाना, कुठं निघाला? तर नानांनी माझी चप्पल वर करून दाखवली आणि म्हणाले, "पोराला मोटरीपर्यंत सोडाया निघालो व्हतो. ते घरी गेलं. आता चप्पल सोडाया चाललोय."