आधी आईला तेल

"सगळ्यांनी भायेर व्हा," म्हणत ती पदर खोचायची आणि आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई तुम्हीही पाहिली असेल. बहुतेक जणी आधी बाळाला घेतात. ही आधी आईला तेल लावायची. सासूबाईंना ते खपत नव्हतं. तिचा हात आमच्या अंगाला चालत होता, चहाचा कप मात्र खिडकीत वेगळा ठेवलेला.

माझी आई नसल्यामुळे थोरलीच्या वेळचं बाळंतपण सासरीच, घाटकोपरच्या चाळीत झालं. बघायला येणाऱ्या बायका बाळाचं नाक कोणासारखं ते सांगून जात. मी रडले की सासूबाई म्हणत, "माका सात झाली, मी कधी रडूक नाय."

दहाव्या दिवशी तिचे हात पाठीवर असताना मी सांगून टाकलं. ही मुलगी मला माझी वाटत नाही. पाण्याची बादली दिसली की भलतंच मनात येतं.

तिचे हात थांबले नाहीत. "येतंय. माज्या थोरल्याच्या येळंला मलाबी यायचं. सांगितलंस, बरं केलंस."

मग तेलकट हातांनीच ती बाहेर गेली. माझं बोलणं तिने फोडलं नाही. एवढंच म्हणाली, "आजी, पोरगी चार रोज झोपली न्हाई. दुपारचं लेकरू तुमी घ्या. तिला एकटी सोडू नगा."

सासूबाई उसळल्या. आमची सून आम्हाला कळते, तुझ्याच नजरेने तिचं दूध आटलंय, उद्यापासून येऊ नको, म्हणाल्या. माझे यजमान पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

ती दारात थांबून माझ्याकडे बघत होती. मी एक शब्द बोलले असते तर ती राहिली असती. मी मुलीचा लंगोट बदलायला घेतला. लंगोट कोरडा होता.

पुढे बाळाला तेल लागत राहिलं. मला कोणी विचारलं नाही. दुपारी घरात कोणी नसलं की बादली उपडी करून मी तिच्यावरच बसून राहायची, मुलीला मांडीवर घट्ट धरून. सात वेळा बाळंत झालेल्या बाईला हे कळू नये? त्या पेपराचा मला अजून राग येतो. माझ्या तोंडाचाही येतो.

सहा महिन्यांनी ती भाजीबाजारात भेटली. कडेवरच्या मुलीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "झोप लागती का गं?" म्हणाली. सासूबाई शेजारी वांगी निवडत होत्या. मी हो म्हटलं.

धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात, कोणाला न विचारता, मी एकटीच टेकडीवरच्या तिच्या वस्तीत चढून गेले. तिच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. तिथल्या बाईने मला पाणी दिलं आणि बाळ कधी होणार ते विचारलं.