आबांच्या भाकरीचं माप

मला साखर आहे म्हणून सून पीठ तोलून माझी भाकरी थापते. तव्यावरच्या ज्वारीचा खरपूस वास घरभर, आणि ताटात भाकरी तळहाताएवढी. रोज डोकं भडकतं.

डाळज गावच्या आमच्या घरी माझ्या वडिलांना, आबांनाही साखर होती. एकदा ते आईवर ओरडले, "कालच्यापेक्षा बारकी हाय ही!" मी मासळीचा व्यापारी, मापात मारलेलं मला खपत नाही. तराजू घेऊनच आलो. आईनं न बघता पिठाचे दोन गोळे तोडून दोन पारड्यांत टाकले. दांडी सरळ राहिली. तिच्या पिठाळ हातांकडं मी बघतच राहिलो.

"उपाशी मारतीस व्हय?" आबा पुटपुटले.

"अवं, मारायचं असतं तर पोटभर वाढलं असतं."

आबा जेवले. आता मीही जेवतो. चतकोर जास्त मागून बघतो. सून बधत नाही.