गोपाळच्या अंगावरची सासू

गोपाळ गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या घरात एका सासूला शिव्या चालल्या होत्या. टीव्हीवरच्या सासूला. संध्याकाळच्या त्या मालिकेत जाड काठाची साडी नेसलेली एक बाई जिन्यावरून उतरते आणि डोळे बारीक करून सुनेकडे बघते. ती दिसली की माझी सून खोबरं खवायचं थांबवून म्हणते, ‘इली बघा भवानी! शिरा पडो तिच्या तोंडार.’ मग सगळ्यांत नकोसं माणूस कोण यावर वाद सुरू होतो. नातीला ती सासू नको, मुलाला तिचा भाऊ नको. त्या दिवशी नातीनं मलाही विचारलं, ‘आजोबा, तुमका कोण नको?’ मी त्यातल्या धाकट्या मुलाचं नाव सांगितलं. सगळे हसले. तो तर गुणाचा, आईच्या पायाशी बसून रडणारा. ‘आजोबांका काय कळणां नाय,’ नात म्हणाली, आणि तेवढ्यात गोपाळच्या पुतण्याचा फोन आला. ‘काका गेलो. दुपारी जेवन आडवो झालो, तो उठूकच नाय...’

रडणाऱ्या धाकट्या मुलाची मला शिसारी का येते, हे माझ्याखेरीज फक्त गोपाळला ठाऊक होतं. आता मी एकटाच उरलोय. तो जिवंत असताना जे बोलायला हवं होतं ते तो गेल्यावर कितीतरी आठवड्यांनी लिहितोय. याचीही किळस येते, पण लिहितो.

गोपाळ माझ्या वर्गातला. मालवणजवळच्या आमच्या वाडीत देवळाच्या वाटेवर त्याचं शिंप्याचं दुकान होतं. एक मशीन, एक बाक, खुंटीवर टेप. अंगानं काटकुळा, मान लांब, आवाज बाईसारखा बारीक नव्हे, पण हवा तेव्हा तो पातळ करायचा. एकोणीसशे पन्नास-साठच्या त्या काळात आमच्या जत्रेत दशावतार संपला की दुसऱ्या रात्री गावच्या पोरांचं नाटक व्हायचं. शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेलं कौटुंबिक नाटक, आणि वर्षानुवर्षं तेच. लोकांना संवाद पाठ होते, तरी लोक दरवर्षी तेवढेच रडायचे. बायकांची कामंही आम्हीच करायचो. थोरली सून व्हायचा नाना सुताराचा मुलगा. तिला छळणारी सासू गोपाळ, आणि त्या सासूचा सद्गुणी धाकटा मुलगा मी.

गोपाळची सासू ओरडायची नाही. इतर गावांतल्या सासवा आदळआपट करायच्या, हा नुसता सुनेच्या ताटाकडे बघायचा. सून दुसरी भाकरी घ्यायला हात पुढे करायची आणि याची मान हळूच वळायची. बस. सुनेचा हात तिथंच थांबायचा, आणि मांडवातल्या बायकांमधून असा एक आवाज उठायचा की रंगमंचाच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्याही अंगावर काटा यायचा. किती जणींनी ती नजर स्वतःच्या घरात झेलली असेल... त्याला ती कुठून सापडली, कोण जाणे. दिवसभर पोलकी शिवताना बायका जे बोलायच्या ते तो खाली मान घालून ऐकायचा, एवढं खरं.

जत्रेनंतर त्याला बाजारात मासळी मिळणं मुश्किल व्हायचं. जानकी म्हणून एक मासेवाली होती, तोंडानं फटकळ. एकदा मी त्याच्याबरोबर होतो.

‘बांगडे कसे दिलंस गो?’

‘तुका नाय देवचे.’

‘कित्याक?’

‘सुनेक शिळी पेज घालतंस आणि आपण बांगडे खातंस? आधी तिका पोटभर जेवक घाल, मगे ये.’

‘अगो, ती सून म्हणजे नाना सुताराचो झील. घराक जावन दोन ताटां हाणता.’

सगळा बाजार हसला. जानकीही हसली, पण बांगडे देताना एक वेगळा काढून म्हणाली, ‘ह्यो तिचो. तू खाव नको हां, मेल्या.’ आणि गोपाळनं खरोखरच तो बांगडा पानात गुंडाळून सुताराच्या घरी नेऊन दिला. तोवर सगळं असं होतं. हसण्यावारी.

मला मात्र त्याच बाजारात बायका हाक मारून जत्रेतलं खाजं हातावर ठेवायच्या. ‘कसो गुणाचो झील गो,’ म्हणायच्या. तो गुणाचा मुलगा नाटकात करायचा काय? वहिनीला मार बसला की तो रडतो. वहिनीला घराबाहेर काढतात तेव्हा तो तोंडावर हात धरून दारात उभा राहतो. कुणाचा हात धरत नाही, कुणाच्या आड जात नाही, एक पाऊल पुढे टाकत नाही. आणि सगळं उरकल्यावर इतकं सुंदर रडतो की त्याचंच दुःख मोठं ठरतं. सासू निदान काहीतरी करते. हा नुसता ओला होतो आणि त्याचं कौतुक गोळा करतो.

आता एक रिवाज सांगायला हवा. नाटक पहाटे संपलं की आम्ही सगळे रंग न पुसता, लुगड्या-धोतरासकट देवासमोर उभे राहायचो. ज्यानं सगळ्यांत दुष्ट माणसाचं काम केलं तो पुढे. गावचा मानकरी गाऱ्हाणं घालायचा, ‘ह्या सोंगात जा काय बरावायट बोलला गेला, ता हयच उतरू दे रे म्हाराजा!’ सगळे म्हणायचे, ‘व्हय म्हाराजा!’ मग गुरव एकेकाच्या हातावर तीर्थ द्यायचा आणि त्यानंतरच आम्ही खोबरेल तेलानं रंग काढायचो. रंग असतानाच तीर्थ घेतलं तर सोंग उतरतं, नाहीतर ते अंगावरच राहतं, असं गाव मानायचं. आम्ही थट्टा करायचो, पण तीर्थ चुकवायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

ज्या वर्षाबद्दल मी लिहितोय त्या वर्षी गोपाळचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी रेडी गावची. बघून झालं होतं, दोघांना पसंत होतं. फक्त मुलीची आत्या जत्रेला येणार होती, घर-माणसं बघणार होती, आणि मग साखरपुडा. गोपाळनं स्वतःसाठी पांढरा शर्ट शिवून घडी घालून ठेवला होता. हातातल्या कामापेक्षा त्या घडीकडेच त्याचं लक्ष जास्त असायचं. ‘आत्येक नाटकाक आणू नको रे,’ मी म्हटलं, ‘सासू बघून पळतली.’ ‘पळांदे की,’ आई नसलेला गोपाळ म्हणाला, ‘चेडवाक सासू नायच आसा. आवस गेली माझी. तिका ह्या एकाच गोष्टीचा सुख, ता तरी कळांदे!’

त्याच आठवड्यात माझी आई तापानं पडली होती. वडील आधीच गेलेले, घरात आम्ही दोघंच. नाटकाच्या दिवशी तिला धाप लागत होती. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मास्तरांनी माझं काम दुसऱ्याला दिलं असतं, आणि तो दुसरा टपूनच होता. पुढे लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगत आलो की आईनंच मला ‘जा रे झीला’ म्हटलं. तिनं काहीही म्हटलं नव्हतं. तिला बोलवत नव्हतं. मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, दार ओढून घेतलं आणि रंगायला गेलो.

तोंडाला रंग लावताना न राहवून मी गोपाळला सांगितलं. त्याचा हात थांबला. ‘मेल्या, घराक जा.’ मी म्हटलं, नाटक झाल्यावर जातो. शेवटच्या अंकात सासूला काम नव्हतं. तिच्या मरणाची बातमी येते आणि मी तिच्या रिकाम्या अंथरुणापाशी बसून विलाप करतो. तिसऱ्या अंकाचा पडदा पडला तसा गोपाळ नऊवारीचा काष्टा आवरून, तोंडावर रंग तसाच ठेवून, माडांच्या आगरातून माझ्या घराकडे धावला. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि अंक सुरू केला.

त्या विलापातलं वाक्य होतं, ‘आई, मी इथंच आहे गं, तुझ्या उशाशी!’

लोक धाय मोकलून रडले. त्या वर्षी माझं काम सगळ्यांत चांगलं झालं, असं मास्तर म्हणाले.

उजाडता उजाडता मी घरी पोचलो. गोपाळ दारापुढच्या खळ्यात बसला होता. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, केसांचा टोप मांडीवर. ‘गेली रे,’ तो म्हणाला. ‘पाणी मागल्यान. मी दिलंय. माका बघून इचारल्यान, कोण गो तू? म्हटलंय, तुझ्या झिलान धाडल्यान.’ मी आत गेलो. आईच्या कपाळावर गुलाबी-पांढरा रंग लागला होता. त्याच्या तळहाताचा. त्यानं बराच वेळ तिथं हात ठेवला असणार.

तो रंग मी पुसला. शेजारी यायच्या आधी धोतराचा सोगा तांब्यात बुडवून मी आईचं कपाळ स्वच्छ केलं, कारण तो दिसला असता तर कोण होतं आणि कोण नव्हतं ते सगळ्यांना कळलं असतं. मग बाहेर येऊन मी गोपाळचे पाय धरले. ‘गोपाळा, कोणाक सांगू नको.’

देवळाकडून गाऱ्हाण्याचा आवाज येत होता, ‘व्हय म्हाराजा... व्हय म्हाराजा...’ तो म्हणाला, ‘तीर्थ चुकला. मड्याक हात लागलो, आता न्हाल्याशिवाय देवळात पाय घालूचो नाय. आणि न्हालंय तर रंग जातलो.’ मग उठला, टोप काखेत मारला आणि हसला. ‘ऱ्हवांदे सासू माझ्याकडे. ती गरीब आसा.’

देवळात सगळ्यांच्या पुढे असायला हवा होता तोच त्या पहाटे नव्हता, हे गावानं पाहिलं होतं. रेडीच्या आत्येनंही. मीही नव्हतो, पण आई गेली म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही. दुपारी लोकांनी विचारलं, ‘खंय गेल्लंस रे?’ तो म्हणाला, पोटात कळ आली. माझ्या दारात आईला न्यायची तयारी चालली होती आणि तिथंच बायका कुजबुजत होत्या की सासू याच्या अंगातच राहिली. त्याच बायका माझ्या गालावरून हात फिरवत होत्या. झील येईपर्यंत आवशीनं जीव धरून ठेवला, असं कुणीतरी म्हणालं. मी ते म्हटलं नव्हतं. मी फक्त मान खाली घातली. नाटकातल्या त्या मुलासारखीच.

काही दिवसांनी रेडीहून निरोप आला, मुलगी अजून लहान आहे. दुसऱ्या घरी बोलणी लागली, ती याच कुजबुजीवर मोडली. त्याच्या भावजयीचं पहिलं मूल जगलं नाही, आणि तेही त्याच्या माथी आलं. बायकांनी त्याच्याकडे पोलकी टाकणं बंद केलं. आता जानकी त्याला मुकाट्यानं बांगडे द्यायची, थट्टा न करता. तेच वाईट होतं. पुढच्या जत्रेला मानकऱ्यांनी सांगितलं, त्याला काम देऊ नका, अंगावरची सासू उतरली नाही तर आणखी सोंग कशाला. मी त्या बैठकीत बसलो होतो. खोताच्या ओटीवर, खांबाला टेकून. मी तोंड उघडलं नाही.

माझं लग्न झालं. चांगल्या घरातली मुलगी मिळाली. आईची इतकी सेवा केलेला मुलगा म्हणून तिच्या वडिलांनी चौकशीही केली नव्हती. गोपाळ शाळेच्या चड्ड्या, पिशव्या आणि होड्यांची शिडं शिवत राहिला. एकटाच. पुष्कळ वर्षांनी एकदा मी दुकानात जाऊन म्हटलं, ‘गोपाळा, मी सगळ्यांका सांगतंय. तू हो म्हण.’ त्यानं मशीन थांबवलं नाही. ‘माका कित्याक इचारतंस? सांगूचा तर सांग. माझी परवानगी घेवन तुका आणखी एकदा चांगलो होवचा आसा?’ मी चहा पिऊन घरी आलो. आणि सांगितलं नाही.

दुकान बंद करताना तो रोज एक गोष्ट करायचा. खोबरेल तेलाची बाटली काढायची, चिंधीवर थेंब घ्यायचे आणि सबंध तोंड पुसायचं. नाटकवाले रंग काढतात तसं, कपाळावरून हनुवटीपर्यंत. कुणी विचारलं की म्हणायचा, ‘रंग काढतंय रे. अजून उतरूक नाय म्हणतत ना!’ लोक हसायचे. ती थट्टा होती की दुसरं काही, हे मला कधी कळलं नाही, आणि विचारायची माझी लायकी नव्हती.

त्याच्या तेराव्यानंतर मी देवळात जाऊन आताच्या मानकऱ्यांना सगळं सांगितलं. सगळी तरुण पोरं. ‘जावंदे ओ आजोबा,’ एक जण म्हणाला, ‘आता कोण देता तीर्थ? नाटकवाले भायरसून येतत, पाकीट घेतत, गाडयेत बसून जातत.’ कधी बंद पडला तो रिवाज, त्यांना माहीतही नव्हतं. ज्या रिवाजापायी एका माणसाचं घर उभं राहिलं नाही, त्या रिवाजाचं गावाला नावही आठवत नाही. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. एकानं तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. अजूनही मीच गुणाचा.

तिथून मी दुकानात गेलो. पुतण्या आवराआवर करत होता. मशीन विकायला काढलं होतं. तळाच्या फळीवर तो पांढरा शर्ट कागदात तसाच होता, घडीच्या रेघेवर पिवळा पडलेला. खिडकीत तेलाची बाटली आणि तिच्या तोंडाशी खोचलेली चिंधी. ‘ह्या टाकू मां?’ पुतण्यानं विचारलं. मी म्हटलं, थांब. बाकावर बसलो. तेल थंडीनं थिजलं होतं, बाटली तळहातात धरून पातळ केलं. चिंधीवर घेतलं आणि कपाळावरून हनुवटीपर्यंत तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं.

‘आजोबा, काय करतास?’

‘रंग काढतंय,’ मी म्हटलं.